ग्राहक घरी नाही

मोबाइल थरथरला तेव्हा दत्तप्रसाद पुढच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसला होता. दार सताड उघडं होतं. फाटकाची कडीही त्यानं सकाळीच काढून ठेवली होती, म्हणजे येणाऱ्याला हाक मारत उभं राहायला नको. सकाळच्या वेळात माणूस येईल असं इंटरनेटच्या कंपनीनं कळवलं होतं, म्हणून त्यानं अंघोळ लवकर उरकली, दूध आणायला गेला नाही, आणि मधे एकदा बाथरूमला जाऊन आला तेही घाईघाईनं, कान फाटकाकडे ठेवून. आता मेसेज आला होता. ‘प्रिय ग्राहक, आमचे प्रतिनिधी आपल्या पत्त्यावर आले असता आपण घरी नव्हता. आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.’ त्यानं तो वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग मान वर करून त्यानं खोलीकडे पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ, कोपऱ्यात टेकवून ठेवलेली छत्री, टीपॉयवर कालचा पेपर, आणि या सगळ्यांच्या मधे खुर्चीत आपण. गुडघ्यांवर ठेवलेले आपले दोन हात. खरंच कुणी येऊन गेलं असेल का? फाटकाशी उभं राहून आत पाहिलं असेल, आणि इथं बसलेला माणूस त्याला दिसलाच नसेल? विचार वेडगळ होता. कुणीही आलेलं नव्हतं. कुणीतरी कुठंतरी बसून एक बटण दाबलं होतं, एवढंच. हे त्याला कळत होतं. तरीही त्याला बसवेना. तो उठला, फाटकापर्यंत गेला आणि बाहेर उभं राहून स्वतःच्या घराकडे बघत राहिला. आतली खुर्ची तिथून स्पष्ट दिसत होती. आता ती रिकामी होती.

इंटरनेट बंद होऊन आठवडा होत आला होता. सागरमाळवरच्या त्यांच्या गल्लीत गॅसच्या पाइपसाठी रस्ता खणला, जेसीबीच्या दातात कुठलीतरी वायर आली, आणि हॉलमधल्या इंटरनेटच्या पांढऱ्या डब्यावरचा हिरवा दिवा लाल झाला. शेजाऱ्यांची कंपनी वेगळी होती, त्यांचं दुसऱ्या दिवशी सुरू झालं. याचं नाही. इतर कुणी म्हणालं असतं, एवढं काय त्यात, पेपर वाचा, टीव्ही बघा. पण दत्तप्रसादच्या घरात त्या हिरव्या दिव्यावर वेगळंच काही चालत होतं, आणि ते त्यानं कुणाला सांगितलेलं नव्हतं. मार्चमध्ये मधुवंती मेलबर्नला गेली, अंतराच्या बाळंतपणाला. अंतरा त्यांची एकुलती एक. सुरुवातीला रविवारचा व्हिडिओ कॉल असायचा, सगळे दाटीवाटीनं समोर बसायचे, बाळाचा चेहरा कॅमेऱ्यापाशी आणला जायचा. मग रोजचा कॉल झाला. आणि एके दिवशी बोलता बोलता बाळ रडलं म्हणून मधुवंती उठून गेली आणि कॉल बंद करायला विसरली. त्यानंही तो बंद केला नाही. तिकडचं रिकामं स्वयंपाकघर तो बघत बसला. सिंक, उलटी घातलेली दुधाची बाटली, खिडकीबाहेर एक झाड. कितीतरी वेळानं ती पदर खोचत आली, कोथिंबीर निवडायला घेतली, आणि एकदम दचकून म्हणाली, ‘अगंबाई, तुम्ही आहातच होय!’ दोघंही हसली. तिनं कोथिंबीर निवडली, तो बसून राहिला. त्या दिवसापासून कॉल चालूच राहू लागला. इथं ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून टॅब्लेट ठेवायचा, तिकडं त्यांच्या डायनिंग टेबलावर. सकाळी त्याचा चहा झाला की सुरू व्हायचा, तेव्हा तिकडं दुपार असायची, आणि त्याचं जेवण होईतो तिकडं खिडकीत अंधार पडून दिवे लागलेले असायचे.

बोलणं फारसं नसायचंच. कुकरची शिट्टी झाली की दोघंही एकदम वळायची, आपल्याकडची की तिकडची, असा घोटाळा व्हायचा. तो विचारायचा, ‘मधू, हिंग कुठाय?’ आणि ती मान वर न करता सांगायची, ‘वरच्या फळीवर, डावीकडे, मेथीच्या मागं.’ हिंग तिथंच असायचा. इतक्या लांबून तिला आपलं घर इतकं दिसतं याचं त्याला दर वेळी बरं वाटायचं. लग्न झाल्यापासून तो सकाळी कंपनीच्या बसनं शिरोली एमआयडीसीत जायचा, फाउंड्रीच्या क्वालिटी विभागात, आणि अंधार पडताना परत यायचा. घर सकाळी अकरा वाजता कसं असतं हे त्यानं नोकरी संपेपर्यंत पाहिलंच नव्हतं, आणि नोकरी संपून दोन वर्षं होतात तोवर ती निघून गेली. आता काचेतनं तो तिला भर दिवसाची बघत होता. ती एकटी असताना ओठ किती घट्ट मिटते. भाजी चिरता चिरता थांबते आणि नुसतीच सुरीकडे बघते. कधी खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहते, बराच वेळ. एकदा त्यानं विचारलं होतं, ‘काय बघतेस?’ ती वळली होती. ‘काही नाही.’ आणि लगेच कामाला लागली होती, जणू त्यानं तिला हटकलंच. कधीकधी ती कोट चढवायची. ‘कुठं?’ ‘जरा पाय मोकळे करून येते.’ बऱ्याच वेळानं यायची, गाल थंडीनं लाल झालेले. तोवर तो रिकाम्या टेबलासमोर बसून जेवायचा, आणि तरीही त्याला एकटं वाटायचं नाही. ते कसं, हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. समोर एक खुर्ची असायची, तिच्या पाठीवर तिची शाल असायची, बस्स.

आणि नेमकं लाइन गेली तेव्हा ती काहीतरी सांगत होती. ‘अहो, मला तुम्हाला एक...’ एवढं म्हणाली आणि चित्र थांबलं. तोंड अर्धवट उघडं, एक हात वर आलेला. त्याला आधी वाटलं, ती शब्द शोधतेय. तो थांबून राहिला. मग तिच्या चेहऱ्यावर ते गोल गोल फिरणारं वर्तुळ आलं, आणि पडदा काळा झाला. पुढं मोबाइलवरनं प्रयत्न केला, पण घरात नेटची रेंज फक्त बेडरूमच्या खिडकीपाशी, आणि तिथंही तिचा चेहरा चौकोन चौकोन होऊन फुटायचा. दिवसाचा डेटा बघता बघता संपायचा. साधा फोन तीच अधूनमधून करायची, जेवलात का, झोपलात का, पाऊस आहे का. त्यानं विचारलं, ‘त्या दिवशी काय सांगत होतीस?’ ‘कधी?’ ‘लाइन गेली तेव्हा.’ ‘आठवत नाही हो आता,’ ती म्हणाली. तिच्या आवाजावरून त्याला कळलं की तिला आठवतंय.

मग कस्टमर केअर. मराठीसाठी तीन दाबा. तक्रारीसाठी दोन दाबा. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग ते एकच एक संगीत, तीच चार सुरांची गिरकी, संपली की पुन्हा पहिल्यापासून. कधीतरी खरा माणूस यायचा, पण दर वेळी नवा, आणि त्याला दर वेळी नाव, पत्ता, खाते क्रमांक, अडचण, सगळं मुळापासून हवं असायचं. ‘सर, डबा बंद करून पुन्हा चालू करा.’ ‘केलाय हो, कितीदा केला. बाहेर वायरच तुटलीय.’ ‘समजू शकतो सर. एकदा बंद करून पुन्हा चालू करा.’ तो वाकून प्लग काढायचा, लावायचा, लाल दिवा लाल यायचा, आणि पलीकडचा माणूस म्हणायचा, आपल्याशी बोलून आनंद झाला. फोन ठेवल्यावर ते संगीत त्याच्या डोक्यात चालू राहायचं. रात्री जेवताना तो त्याच ठेक्यात चावतोय असं त्याच्या लक्षात यायचं, आणि तो थांबायचा, मग घर इतकं गप्प व्हायचं की पुन्हा चावायलाही नको वाटायचं.

त्या मेसेजनंतर मात्र त्यानं फोन केला नाही. स्कूटर काढली आणि राजारामपुरीत कंपनीचं ऑफिस होतं तिथं गेला. एक अरुंद गाळा, काउंटरमागं एक मुलगी, गळ्यात ओळखपत्र, त्यावर नाव तेजस्वी. समोर दोघं-तिघं उभे. त्याचा नंबर आला तेव्हा तिनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाली, ‘काका, व्हिजिट झाल्याचं दाखवतंय की.’

‘दाखवतंय म्हणजे? मी घरी होतो. दारात बसलो होतो.’

‘माणूस येऊन गेलाय. कस्टमर घरी न्हाई, असं टाकलंय त्यानं.’

‘अहो, पण मी होतो ना!’

‘मी कुठं न्हाई म्हणत्येय? सिस्टीमला तसं हाय, एवढंच सांगत्येय.’

‘तुमची सिस्टीम मला सांगणार, मी कुठं होतो ते?’ आवाज चढला. फाउंड्रीत इतकी वर्षं यंत्रांच्या वर आवाज काढून बोलण्याची सवय, तो आवाज त्या छोट्या गाळ्यात भलताच मोठा झाला. ‘मी सकाळपासनं त्या खुर्चीत आहे. मी उठलो नाही. मी होतो!’ दोन्ही हात त्यानं काउंटरच्या कडेवर दाबून धरले. मागं हेल्मेट काखेत मारून उभा असलेला एकजण म्हणाला, ‘पावणं, जरा दमानं. ती पोरगी काय करणार? तिच्या हातात काय न्हाय.’ सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याला आपण बाहेरनं दिसलो. चुरगळलेला शर्ट, तोंडाला सुटलेली थुंकी, इंटरनेटसाठी भांडणारा म्हातारा. खाली मान घालून तो उभा राहिला. तेजस्वी जरा पुढं वाकून हळू आवाजात म्हणाली, ‘नवीन तक्रार घालते मी. पण दोन-तीन दिवस जातील. घरात कोण पेशंट बिशंट हाय का? मेडिकलचं असलं तर वरती टाकता येतंय. मग उद्या सकाळीच माणूस पाठवत्यात.’

‘हो,’ तो म्हणाला. शब्द त्याच्या आधी निघून गेला.

‘कोण?’

‘बायको.’

‘काय होतंय त्यांना?’

‘हार्ट.’

मुलीचा चेहराच बदलला. ‘आधी सांगायचं न्हाई व्हय काका!’ ती भराभर टाइप करायला लागली. हेल्मेटवाला सरकून उभा राहिला, त्यानं भिंतीकडचं स्टूल पायानं पुढं ढकललं, ‘बसा वो.’ दत्तप्रसाद बसला. लाज अशी मानेपासून वर चढत होती, कानांपर्यंत. आणि त्या लाजेच्याच आत कुठंतरी एक बारीकसा आनंदही होता, की या अनोळखी माणसांना मधूची काळजी वाटतेय. परत येताना भुरभुर पाऊस होता. टाकाळ्याच्या चढावर त्याच्या मनात आलं, घरी लवकर पोचायला हवं, ती आत झोपलेली असेल, तिला औषध द्यायचं असेल. हे त्यानं मुद्दाम मनात आणलं नव्हतं. आलं, आणि त्यानं येऊ दिलं. गल्लीच्या वळणापर्यंत त्याच्या घरात आतल्या खोलीत कुणीतरी होतं, पंखा बारीक केलेला होता, पांघरूण होतं. फाटक दिसलं तेव्हा ते सगळं गेलं.

स्कूटर लावतो न लावतो तोच फोन वाजला. परदेशी नंबर. तो व्हरांड्यातच थांबला. तिचा आवाज इतका स्वच्छ आला, जणू ती भिंतीपलीकडनं बोलतेय.

‘जेवलात?’

‘अजून नाही. त्यांच्या ऑफिसात गेलो होतो. उद्या माणूस येतोय, आता नक्की. उद्यापासून लागेल आपला कॉल.’

पलीकडनं काही आलं नाही. त्याला वाटलं हीही लाइन गेली. ‘मधू?’

‘ऐकतेय. अहो, एक सांगू? चेहरा समोर नाही तोवर सांगते, नाहीतर पुन्हा राहून जाईल. मी गणपतीला येत नाही.’

‘पण परतीचं तिकीट?’

‘अभिराम पुढची तारीख घेऊन देतो म्हणालाय. व्हिसा मार्चपर्यंत आहे.’ अभिराम त्यांचा जावई.

‘अंतराला बरं नाही का? बाळाचं काही?’

‘सगळी छान आहेत. त्यांच्यासाठी नाही राहत. माझ्यासाठी राहतेय.’

हे वाक्य त्याला कळायला वेळ लागला. मराठी होतं, साधं होतं, पण तिच्या तोंडून अशा बांधणीचं वाक्य त्यानं कधी ऐकलेलं नव्हतं. ती बोलत होती. इथं लायब्ररीत आठवड्यातनं दोनदा बायका जमतात, गातात. सगळ्या माझ्यासारख्याच, पिकल्या केसांच्या. एक ग्रीक आहे, दोघी श्रीलंकेच्या आहेत. गाण्यांचे शब्द मला कळत नाहीत, पण सूर धरता येतो. बसनं जाते, एकटी. पहिल्यांदा चुकीच्या स्टॉपवर उतरले तर एका पोरीनं सोडलं. तिच्या आवाजात एक घाई होती, शाळेतनं आलेल्या मुलीसारखी, आणि तीही त्याला नवीन होती.

‘मला कधी बोलली नाहीस.’

‘व्हिडिओ चालू असायचा ना.’

‘म्हणजे?’

‘कसं सांगू... तो चालू असला की मी आपल्याच स्वयंपाकघरात असते. तुम्ही भांडं जरा जोरात ठेवलं की माझा जीव वर होतो. यांनी दूध तापवलं का, गॅस बंद केला का. खिडकीशी जाऊन उभी राहिले तरी मला पाठीवर कळतं, तुम्ही आहात. तुम्ही काही वाईट करत नव्हता हो. नुसते बसलेले असता.’

‘मला वाटलं तुला बरं वाटतं.’

‘वाटायचं. सुरुवातीला फार वाटायचं. आणि लाइन गेली तेव्हा दोन दिवस मला चुकल्यासारखं झालं, हात कशाला लागेना. मग एका दुपारी न्हाऊन केस वाळवत उन्हात बसले होते, आणि लक्षात आलं की मला हलकं वाटतंय. रडूच आलं मला. असं कसं वाटतं म्हणून रडू आलं. वाईट वाटून घेऊ नका.’

‘नाही, नाही.’

‘घेतलंतच ना.’

‘त्या दिवशी हेच सांगत होतीस?’

‘हो.’

व्हरांड्याच्या कडेनं पाणी टपकत होतं. ‘येणारेस पण?’ त्यानं विचारलं, आणि आपला आवाज इतका लहान कसा आला याचं त्यालाच नवल वाटलं. ‘येणार आहे हो,’ ती म्हणाली. ‘पण आत्ता नाही.’ तो ‘बरं’ म्हणाला. मग अजून एकदा ‘बरं’ म्हणाला.

फोन संपल्यावर तो आत गेला नाही. व्हरांड्याच्या पायरीवर बसला, पँट ओली होतेय हे कळत असून. तिनं सांगितलेलं सगळं त्याला पटत नव्हतं, पण एक गोष्ट आपोआप वर आली आणि तिला थांबवता येईना. संध्याकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर सोडायची. अंगाला जळक्या वाळूचा वास, कान दिवसभराच्या खणखणाटानं बधिर. गल्लीतनं चालत यायचं, आणि फाटकाजवळ आलं की घरातनं तिचं गुणगुणणं ऐकू यायचं. मोठ्यानं नाही, काम करता करता गातात तसं. लग्नाआधी ती गाणं शिकत होती, कुरुंदवाडला, तिच्या माहेरी पेटी होती. तो कडी काढायचा, कडी वाजायची आणि गुणगुणणं थांबायचं. रोज. गाणं संपलं असेल असं त्याला वाटायचं. इतकी वर्षं तो फाटकाशी येतो तेव्हाच नेमकं गाणं संपतं, यात त्याला कधी काही दिसलं नव्हतं. त्यानं तिला गाऊ नको असं कधीही म्हटलं नव्हतं. गा असंही म्हटलं नव्हतं. तो आत यायचा, ती पाणी द्यायची, तो टीव्ही लावायचा. फाउंड्रीत हातोडीनं टकटक करून ओतकाम तपासायचं, आत पोकळी असेल तर आवाज बद्द येतो, हे तो नव्या पोरांना शिकवायचा, आणि त्याच्या कानाचं कौतुक व्हायचं. तो कान घेऊनच तो घरी यायचा. त्याला हसू आलं, आणि हसता हसता त्यानं पायरीच्या दगडावर हात टेकला.

सकाळी त्याला वाटलं, माणूस येऊ नये. तक्रार मागं घ्यावी म्हणून त्यानं फोनही लावला. नवीन जोडणीसाठी एक, तक्रारीसाठी दोन, बिलासाठी तीन, पण आता नको आहे, राहू दे, यासाठी कुठलाच आकडा नव्हता. संगीत सुरू झालं तसा त्यानं फोन ठेवला, आणि तेवढ्यात फाटक वाजलं.

‘वाळवेकर तुम्हीच न्हवं? मी सम्राट. पेशंटची तक्रार हाय.’ पस्तिशीचा गडी, अंगात रेनकोट, खांद्यावर वायरचं वेटोळं, शिडी कंपाउंडला टेकवलेली. बाहेर खांबावर चढला, उतरला, चिखलाचे पाय पायपुसण्यावर नीट पुसून आत आला. हॉलमधला डबा बघितला, भिंतीकडे बघितलं, आणि एकदम आवाज खाली आणून म्हणाला, ‘बाई आत झोपल्यात काय? भिंतीला एक भोक पाडाय लागतंय. ड्रिल मारली तर आवाज हुईल.’

‘मारा,’ दत्तप्रसाद म्हणाला. ‘काही होत नाही.’

‘न्हाई न्हाई. माझ्या आईला बी हार्टचंच हुतं. लई दचकायची.’ ड्रिल पिशवीतच ठेवून तो जुन्याच भोकातनं वायर सरकवायला लागला. जुनी वायर अडकलेली, ती निघेना, त्याला घाम फुटला, पण त्यानं आवाज म्हणून केला नाही. पकड खाली ठेवतानाही तो ती कापडावर ठेवत होता. आतल्या खोलीच्या दारावरनं जाताना चवड्यांवर चालला. दत्तप्रसाद मधे उभा होता. सांगून टाकावं असं त्याला वाटत होतं, आणि सांगितलं की हे हळू चालणं थांबेल, पुन्हा घर रिकामं होईल, म्हणून तो सांगत नव्हता.

दिवा हिरवा झाला. ‘झालं,’ सम्राट कुजबुजला. ‘कुणाला तरी व्हिडिओ कॉल लावा, म्हंजे कळतंय चालतंय का.’

‘चालत असेल.’

‘न्हाई काका, बघूनच जातो मी. परत तुमची धावपळ नको.’

टॅब्लेट ओट्यावरच होता. त्यानं तो उचलला, आणि दुसरं कुणाचं नावच आठवेना. रिंग जात असताना त्याला वाटलं, ती उचलणार नाही. तिनं उचलला. अंगात कोट, गळ्याला मफलर, मागं उघडं दार आणि त्यातनं येणारा उजेड.

‘लागली का लाइन?’ ती म्हणाली. तिचा चेहरा एका क्षणात बदलला, त्यानं तो बदलताना पाहिला. आधी एक आवरून घेणं, मग हसू. ‘मी निघालेच होते.’

‘माहितीय. बस चुकेल तुझी. चालतंय का बघायला लावला फक्त.’

‘दाढी नाही केलीत.’

‘करतो.’ त्यानं गालावरनं हात फिरवला. ‘मधू, गणपतीचं मी बघतो. दीड दिवसाचा बसवतो.’

‘मोदक?’

‘विकत आणतो. तू त्याचा घोर करू नको.’ पुढचं त्याला पाठीमागं सम्राट उभा असताना बोलायचं नव्हतं, पण आत्ता नाही तर मग कधीच नाही. ‘आणि कॉल तू लावत जा. तुला वाटेल तेव्हा. थोडा वेळ. मी आपणहून लावणार नाही.’

तिनं मफलरचं टोक हातात धरलं होतं, ते ती नुसतं पिळत होती. ‘ठेवू मग?’ तिनं विचारलं. इतक्या महिन्यांत दोघांपैकी कुणीच कॉल असा बंद केलेला नव्हता. तो कधी बॅटरी संपून, कधी अंतरानं टॅब्लेट उचलून नेल्यामुळं बंद व्हायचा. ‘थांब, मी ठेवतो,’ तो म्हणाला, आणि तिच्याकडे नीट बघून घेऊन त्यानं लाल ठिपक्यावर बोट ठेवलं.

सम्राट त्याच्याकडे बघत होता. आता तो कुजबुजला नाही. ‘ह्याच व्हय बाई?’

‘हो.’

‘पेशंट?’

‘हो.’

‘त्या तर तिकडं दिसत्यात.’

‘तिकडंच असते.’

सम्राटनं टोपी काढली, पुन्हा घातली. ‘काका, मी उचगावची तक्रार मागं ठेवून आलोय. तिथं बी माणसं वाट बघत्यात की.’

‘चुकलं माझं,’ दत्तप्रसाद म्हणाला. सम्राटनं वायरचं उरलेलं वेटोळं गुंडाळलं, पिशवी भरताना पकड खणकन आत टाकली, आणि चपला घालून पायऱ्या उतरला. शिडी खांद्यावर घेतल्यावर मात्र तो फाटकाशी थांबला. ओरडावं की नाही अशा विचारात असल्यासारखा. मग तिथनंच त्यानं विचारलं, ‘पण तब्येत बरी हाय न्हवं त्यांची?’

‘बरी आहे,’ दत्तप्रसाद म्हणाला. ‘खूप बरी आहे.’

गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला. तो स्वयंपाकघरात आला, टॅब्लेट टॉवेलनं पुसला आणि बेडरूमच्या कपाटात कपड्यांच्या घडीवर ठेवून आला. मग भात लावला, आमटी फोडणीला टाकली. ताट वाढून घेऊन खुर्ची ओढून बसला. पाऊस थांबला होता, मागच्या पत्र्यावर कबुतरांचे पाय वाजत होते. पहिला घास घेतला आणि तो मोठ्यानं म्हणाला, ‘आमटीत मीठ जास्त झालंय.’ म्हणून झाल्यावर त्यानं ओट्यावरच्या पिठाच्या डब्याकडे पाहिलं. मग उठला, वाटीतली आमटी पातेल्यात ओतली, पेलाभर पाणी घातलं, आणि गॅस मोठा करून उकळी येईपर्यंत तिथंच उभा राहिला.